अनंतातून अनंत वजा केलं तर किती उरतं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नववीतल्या मुलीने वहीत लिहिलं: ∞ + १ = ∞. मग दोन्ही बाजूंनी ∞ वजा केलं आणि उत्तर आलं १ = ०. शाळेत तिला सांगण्यात आलं की अनंत ही संख्याच नाही, त्याला बेरीज-वजाबाकी लागू होत नाही, विषय संपला. पण मोठ्या भावाच्या बारावीच्या पुस्तकात तिला ∞ पानोपानी दिसलं. आता वडील विचारतात, खरं काय?

मी खानदेशातल्या एका कॉलेजात एकतीस वर्षं गणित शिकवलं. हा प्रश्न दर वर्षी कुणी ना कुणी विचारायचंच, आणि विचारणारा बहुधा शेवटच्या बाकावरचा असायचा. सुरुवातीची काही वर्षं मीही 'अनंत ही संख्या नाही' एवढं सांगून पुढच्या उदाहरणाकडे वळायचो. ते उत्तर चुकीचं नाही, पण त्याने काहीच कळत नाही. संख्या म्हणजे तरी काय? ऋण संख्यांनाही युरोपात कित्येक शतकं फारसं कोणी संख्या म्हणायला तयार नव्हतं. वर्गमूळ उणे एकची तर उघड थट्टा झाली. म्हणून 'ही संख्या आहे का' हे विचारण्यापेक्षा 'ही आत घेतली तर अंकगणिताचा कोणता नियम सोडावा लागेल' हे विचारलं तर हाताला काहीतरी लागतं.

तुमच्या मुलीची पहिली ओळ ठीक आहे. दुसरी पायरी अडते. आपण 'दोन्हीकडून सारखंच उडवलं' असं सहज म्हणतो, पण तो हक्क फुकट मिळालेला नाही. शून्याचंच बघा. १ × ० = २ × ०, हे शंभर टक्के बरोबर. आता दोन्हीकडचा शून्य उडवा, १ = २. इथे सगळेच ओरडतात की शून्याने भागायचं नसतं. पण शून्य ही संख्या नाही, असं मात्र कोणी म्हणत नाही. शून्याला आपण संख्यांच्या घरात घेतलं आणि त्या बदल्यात एक अट मान्य केली: गुणाकारात त्याला उडवता येणार नाही. अनंताचंही तसंच. त्याला घरात घेतलंत तर बेरजेत त्याला उडवता येणार नाही. मुलीला सापडली आहे ती हीच अट. १ = ० हे त्या अटीचं उल्लंघन केल्यावर काय होतं त्याचं उत्तम उदाहरण आहे.

या दोन गोष्टींचं नातं आपल्याकडे फार आधी कुणाच्या तरी लक्षात आलं होतं. ब्रह्मगुप्ताने ६२८ मध्ये शून्याचे नियम लिहिले. त्यात शून्य भागिले शून्य बरोबर शून्य असंही लिहून ठेवलं, जे आज टिकत नाही. भास्कराचार्यांनी 'बीजगणित' या ग्रंथात ३ भागिले ० ही राशी घेतली, तिला 'खहर' हे नाव दिलं (ख म्हणजे शून्य, हर म्हणजे छेद) आणि ती अनंत आहे असं म्हटलं. त्यापुढचा श्लोक मला पाठ आहे:

अस्मिन्विकारः खहरे न राशावपि प्रविष्टेष्वपि निःसृतेषु ।
बहुष्वपि स्याल्लयसृष्टिकालेऽनन्तेऽच्युते भूतगणेषु यद्वत् ॥

या राशीत कितीही घाला, कितीही काढा, फरक पडत नाही. प्रलयात सगळे जीव अच्युतात विलीन होतात आणि सृष्टीच्या वेळी बाहेर पडतात, तरी त्याच्यात बदल होत नाही, तसं. म्हणजे ∞ + १ = ∞ ही तुमच्या मुलीची ओळ बाराव्या शतकातली आहे. पुढची ओळ मात्र भास्कराचार्यांनी लिहिली नाही.

'लीलावती'त त्यांनी आणखी एक धाडस केलं आहे. एक संख्या घ्या, शून्याने गुणा, आलेल्या गुणाकारात त्याचंच निम्मं मिळवा, तीनने गुणा, शून्याने भागा, उत्तर ६३. संख्या कोणती? ते उत्तर देतात १४. शून्य गुणक असताना पुढे शून्याने भागायचंही असेल तर राशी मूळचीच समजावी, असा त्यांचा नियम. म्हणजे दोन्ही शून्यं परस्पर उडतात आणि दीडपटीची तिप्पट ६३, म्हणून १४. याला सरसकट चूक म्हणून हसणारे लोक मला आवडत नाहीत. शून्याच्या जागी अगदी बारीक संख्या घेतली, एक लाखांश घ्या, तर हा हिशेब अक्षरशः बरोबर आहे, आणि ती कितीही बारीक करत नेली तरी उत्तर १४ च राहतं. बारावीत ज्याला आपण लिमिट म्हणतो ते हेच. ग्रहगणितात याचा मोठा उपयोग आहे असं ते म्हणतात, तेही उगाच नाही. फक्त सर्वसाधारण नियम म्हणून तो ठेवला की १ = २ लगेच दारात उभं राहतं. (चाळीसगावजवळच्या पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, त्यांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला होता. त्याचा तेराव्या शतकाच्या सुरुवातीचा शिलालेख तिथे आहे. शेवटच्या काही ओळी जुन्या मराठीत आहेत आणि त्यात पेठेतल्या कराचं उत्पन्न मठाला लावून दिल्याची नोंद आहे. गणित शिकवण्यासाठी बाजारातून कर! मुलांना तिथे नेलं की मी ती ओळ आवर्जून दाखवायचो.)

आता मूळ गाठ: अनंतातून अनंत वजा केलं तर किती? याचं उत्तर फळ्यावर देण्यापेक्षा मी डबा आणि चिठ्ठ्या घ्यायचो. हा खेळ गणितात जुना आहे. १, २, ३ असे क्रमांक घातलेल्या चिठ्ठ्या आहेत, कधीच न संपणाऱ्या. अकरा वाजता पहिली फेरी: १ ते १० क्रमांकाच्या चिठ्ठ्या डब्यात टाकायच्या आणि एक काढायची. साडेअकराला दुसरी: ११ ते २० टाकायच्या, एक काढायची. पावणेबाराला तिसरी. दर वेळी बारा वाजायला उरलेल्या वेळाच्या निम्म्यावर पुढची फेरी. म्हणजे बारा वाजेपर्यंत अनंत फेऱ्या होतात. डब्यात अनंत चिठ्ठ्या गेल्या, अनंत बाहेर आल्या. बारा वाजता डब्यात किती?

वर्गात सगळे एका सुरात म्हणायचे, अनंत. कारण दर फेरीला नऊने वाढतात. मी म्हणायचो, कोणती चिठ्ठी काढली ते तर मला विचारलंच नाही तुम्ही. समजा दर फेरीला त्यावेळच्या दहातली शेवटची काढली: १०, २०, ३०. मग १ ते ९, ११ ते १९ वगैरे डब्यातच राहिल्या, अनंत उरल्या. ठीक. आता दुसऱ्या पद्धतीने काढू: पहिल्या फेरीत १ नंबर, दुसरीत २ नंबर, तिसरीत ३ नंबर. बारा वाजता ४७ नंबरची चिठ्ठी कुठे आहे? सत्तेचाळिसाव्या फेरीत बाहेर आली. दहा लाख नंबरची? दहा लाखाव्या फेरीत बाहेर आली. अशी एकही चिठ्ठी सांगता येत नाही जी अजून आत आहे. डबा रिकामा. आणि पहिल्या फेरीत ६, दुसरीत ७, तिसरीत ८ अशा काढल्या तर? १ ते ५ कोणीच काढल्या नाहीत. डब्यात बरोबर पाच उरल्या.

तिन्ही वेळा टाकलेल्या चिठ्ठ्या त्याच, प्रत्येक फेरीत काढलेली एकच. तरी उत्तरं तीन: अनंत, शून्य, पाच. इथे वर्गात भांडणं व्हायची. एकदा एका मुलाने तावातावाने सांगितलं की सर, हा हिशेब नाही, हातचलाखी आहे. मला ते वाक्य फार आवडलं, कारण त्याचं म्हणणं अर्धं खरं होतं. डबा दर फेरीला भरत चाललेला असताना शेवटी रिकामा निघतो हे मनाला पटणं अवघडच आहे. पण हातचलाखी खेळात नाही. ती 'अनंत वजा अनंत' या शब्दांत आहे. त्यात कोणती चिठ्ठी काढली ही माहितीच येत नाही. माहिती अपुरी असेल तर उत्तर एक कसं येणार?

कुणी ना कुणी मग ईशावास्याचा शांतिमंत्र म्हणायचंच: पूर्णस्य पूर्णमादाय पूर्णमेवावशिष्यते. सर, हे ∞ − ∞ = ∞ नाही का? मंत्र सुंदर आहे आणि सगळ्या संख्यांतून सम संख्या काढल्या तर विषम तेवढ्याच उरतात, तिथे तो चपखलही बसतो. पण डब्यात पाच चिठ्ठ्या ठेवणारी वजाबाकी त्यात बसत नाही. उपनिषदाला अंकगणिताचं पुस्तक करण्याच्या भानगडीत पडू नये, त्यात दोघांचंही नुकसान आहे.

बारावीच्या पुस्तकातलं ∞ हे मात्र वेगळं प्रकरण आहे. 'क्ष अनंताकडे जातो' असं आपण म्हणतो तेव्हा क्ष कुठेही पोचत नाही. ते ठिकाणाचं नाव नाही, दिशा आहे. 'मी मुंबईकडे निघालो' आणि 'मी उत्तरेकडे निघालो' यात जो फरक आहे तोच. उत्तर नावाचं स्टेशन नाही, तरी उत्तरेकडे जाता येतं. एक उदाहरण कॅल्क्युलेटर घेऊन करून बघाच: (न² + न) चं वर्गमूळ, वजा न. न वाढवत नेला तर पहिली रक्कम अनंताकडे, दुसरीही अनंताकडे. न = १०० घ्या: १००.४९८८ वजा १००, म्हणजे ०.४९८८. न = १००० घ्या: ०.४९९८८. उत्तर अर्ध्याकडे चाललं आहे. इथे ∞ − ∞ म्हणजे ½ झालं. न² − न घेतलं असतं तर अनंत, (न + ५) − न घेतलं तर पाच, आपल्या डब्यासारखंच. म्हणून बारावीत ∞ − ∞, ० × ∞, ∞ ÷ ∞ यांना अनिश्चित रूपं म्हणतात. पण ∞ + ५, ∞ + ∞, ∞ × २ यांची उत्तरं कोणत्याही वाटेने गेलं तरी ∞ च येतात, म्हणून ती बिनधास्त लिहितात. नियम लागू आहेत, फक्त काही खिडक्या बंद आहेत.

संगणकवाल्यांनी याच पद्धतीचा कायदा करून टाकला. दशांश संख्यांच्या हिशेबाचं १९८५ चं आयट्रिपलई ७५४ हे मानक आज जवळपास प्रत्येक प्रोसेसर पाळतो. त्यात अनंत ही एक रीतसर किंमत आहे, धनही आणि ऋणही. १ भागिले ० केलं की अनंत मिळतं, त्यात १ मिळवला तरी अनंत. आणि अनंतातून अनंत वजा केलं की 'नॅन' मिळतं, म्हणजे 'ही संख्या नव्हे'. माझा एक जुना विद्यार्थी पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने एका रात्री फोन केला: सर, निकालाच्या पानावर एका तुकडीची सरासरी नॅन दाखवतंय. मी विचारलं, तुकडीत मुलं किती? तो दोन सेकंद गप्प, मग हसायला लागला. नव्याने उघडलेली तुकडी, प्रवेश शून्य. शून्य गुण भागिले शून्य मुलं. आणि या नॅनचा एक विचित्र गुण आहे: ते स्वतःच्याही बरोबरीचं नसतं. नॅन = नॅन का, असं विचारलं तर यंत्र 'नाही' म्हणतं. मला हा नियम पहिल्यांदा वाचला तेव्हा खुळचट वाटला. आता वाटतं की डब्याचा खेळ त्या समितीतल्या कुणीतरी नक्कीच खेळला असेल. पाच उरलेला डबा आणि रिकामा डबा सारखे का म्हणायचे?

इथपर्यंत अनंत एकच होतं. गेऑर्ग कँटर नावाच्या जर्मनीत हाले इथे शिकवणाऱ्या माणसाने १८७४ पासून ते मोडलं. 'किती' हे मोजायचं तर एकास एक जोड्या लावून बघा, एवढंच त्याने धरून ठेवलं. लग्नाच्या पंगतीत पानं मोजायची गरज नसते. प्रत्येक पानावर एक माणूस आणि उभं कोणी नाही, म्हणजे पानं आणि माणसं सारखी. गॅलिलिओला १६३८ मध्येच दिसलं होतं की १, २, ३ ची जोडी १, ४, ९ शी लागते, म्हणजे वर्गसंख्या सगळ्या संख्यांइतक्याच आहेत. तो म्हणाला, मग अनंतात लहान-मोठं असं बोलूच नये. कँटर बोलला. मोजत जाता येईल अशा अनंताला त्याने अलेफ-शून्य नाव दिलं आणि त्याचं चक्क अंकगणित रचलं. अलेफ-शून्य अधिक एक, अलेफ-शून्यच. दुप्पट, तेवढंच. अलेफ-शून्य गुणिले अलेफ-शून्य, तरीही तेवढंच. वाटतं, हे काहीही केलं तरी हलणार नाही. आणि मग दोनचा अलेफ-शून्यवा घात घेतला की ते हलतं.

नाणं अनंत वेळा उडवा आणि छापा-काटा लिहीत जा. दर वेळी दोनच शक्यता, म्हणून अशा याद्या दोनचा अलेफ-शून्यवा घात एवढ्या होतात. त्या सगळ्या वहीत एकाखाली एक लिहिल्याचा कोणी दावा केला, तर पहिल्या यादीतली पहिली नोंद उलटी करा, दुसरीतली दुसरी उलटी करा, तिसरीतली तिसरी. जी नवी यादी तयार झाली ती पहिलीशी पहिल्या जागी जुळत नाही, दुसरीशी दुसऱ्या जागी, शंभरावीशी शंभराव्या जागी. म्हणजे ती वहीत नाहीच. वही कितीही अनंत पानांची असो. कँटरने ही युक्ती १८९१ मध्ये मांडली. ती वर्गात शिकवताना दर वर्षी माझ्या अंगावर काटा यायचा, आणि तिला लागतं काय, तर एक नाणं. तीच युक्ती पुन्हा पुन्हा चालते, म्हणून सर्वांत मोठं अनंत असं काही नाही. अलेफ-शून्य आणि हे दुसरं अनंत यांच्यामध्ये आणखी एखादं बसतं का, हे आपल्या नेहमीच्या गृहीतकांवरून ना सिद्ध होतं ना खोडता येतं. ग्योडेल या गणितज्ञाने एक बाजू दाखवली, पॉल कोहेन या दुसऱ्या गणितज्ञाने १९६३ मध्ये दुसरी.

तरी १ = ० चा माझा आवडता जबाब कँटरच्या दुसऱ्या अंकगणितात आहे, 'किती' ऐवजी 'कितवा' मोजणाऱ्या. रेशनच्या दुकानासमोर न संपणारी रांग आहे: पहिला, दुसरा, तिसरा. कोणीतरी ओळखीने पुढे घुसला. सगळे एकेक पाऊल मागे सरकले. रांग पहिल्यासारखीच दिसते. आता तो घुसणारा प्रामाणिक निघाला आणि म्हणाला, मी सगळ्यांच्या मागे उभा राहतो. हा माणूस वेगळाच आहे. त्याच्या पुढे अनंत लोक आहेत, आणि आधीच्या रांगेत असा एकही नव्हता. तिथे प्रत्येकाच्या पुढे मोजके लोक होते. रांगेला ओमेगा म्हणा. १ + ओमेगा = ओमेगा, पण ओमेगा + १ म्हणजे ओमेगा नव्हे. बेरजेची अदलाबदल गेली! तुमच्या मुलीची ओळ, '∞ + १ = ∞', इथे मुळातच खोटी ठरते. आणि गंमत म्हणजे इथे डावीकडून अनंत उडवताही येतं: ओमेगा + अ = ओमेगा + ब असेल तर अ = ब च. उजवीकडून मात्र उडवता येत नाही, कारण १ + ओमेगा आणि ० + ओमेगा दोन्ही तेच.

ज्यांना एकही नियम सोडायचा नाही त्यांच्यासाठीही सोय आहे. जॉन कॉनवे या गणितज्ञाने अशी संख्यांची दुनिया बांधली की ओमेगा वजा एक, ओमेगाचं निम्मं, एक भागिले ओमेगा हे सगळं त्यात आहे, अदलाबदलही चालते आणि ओमेगा वजा ओमेगा नेमकं शून्य येतं. पण तिथे ओमेगा + १ वेगळा, ओमेगा + २ वेगळा. 'ते एकच अनंत' तिथे नाही, आणि डब्यातल्या चिठ्ठ्या मोजायला त्या संख्या कामाच्या नाहीत.

१ + २ + ३ + ... = −१/१२ हेही लोक याच पिशवीत टाकतात. रामानुजनांनी १९१३ मध्ये केंब्रिजचे गणितज्ञ हार्डी यांना लिहिलेल्या पत्रात ते आहे हे खरं, पण 'माझ्या सिद्धांतानुसार' असं म्हणून. ती आपली किराणा-यादीची बेरीज नाही, 'बेरीज' या शब्दाचा तो वेगळा अर्थ आहे. त्यावर पुन्हा कधीतरी.

मुलीला यातलं सगळं सांगायची गरज नाही. जोडीला मुरमुऱ्याचा रिकामा डबा आणि कागदाच्या चिठ्ठ्या घ्या, १ ते ६० पर्यंत पुरे, आणि सहा फेऱ्या प्रत्यक्ष करा. मग तिला म्हणा, आता दर फेरीला कोणती चिठ्ठी काढायची ते अशा रीतीने ठरव की बारा वाजता फक्त विषम क्रमांकाच्याच उरतील. ते जमलं की पुढचं द्या: फक्त ७ नंबरची एकटीच उरली पाहिजे.